भिंतीची साक्ष

दिवाळीच्या अंकात हिवतापाविषयी लिहिणे काही वाचकांना अप्रशस्त वाटेल. फराळाचे ताट पुढे असताना आजाराच्या गोष्टी कोणी काढाव्यात? पण माझा नाइलाज आहे. पाऊस सरला, डबक्यांतले आणि ओढ्याकाठचे पाणी निवळले, की ज्या हिवतापाने माणूस दगावतो त्याचे दिवस आपल्याकडे भरतात, आणि ते नेमके दिवाळीच्या आगेमागे येतात. माझ्या उमेदीची काही वर्षे चंद्रपूरच्या पूर्वेकडील जंगलपट्टीत गेली. तिथली एक दिवाळी माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्या आठवड्यात पाच-सहा वर्षांची एक मुलगी बेशुद्धावस्थेत आमच्याकडे आली. वाटेत तिला दोनदा झटके येऊन गेले होते. शिरेतून कोयनेल दिले, साखरेचे पाणी चढवले. तिसऱ्या दिवशी बोटातल्या रक्तात जंतू दिसेनासा झाला, अंग निवले. त्याच रात्री तिचा श्वास थांबला. नाडी त्यानंतरही थोडा वेळ चालू होती. सकाळी तिच्या बापाने मला विचारले, "साहेब, ताप तर उतरला होता ना? मग पोरगी उठली का नाही?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते मला माझ्या गुरूंनी शिकवले होते, त्यांना त्यांच्या गुरूंनी. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे कसे सापडत गेले, त्याची ही हकीकत आहे.

हिवताप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हुडहुडी येते, चार घोंगड्या येतात आणि कोयनेलची ती कडू चव येते. आपल्या प्राचीन वैद्यांना हे पाळीचे ताप चांगले ठाऊक होते. चरकाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले आहेत. (पुढे मराठीत विषमज्वर हा शब्द टायफॉइडने बळकावला, तो आजतागायत.) पाळीचा साधा हिवताप माणसाला खंगवतो, पाणथरी वाढवतो, पण सहसा एकाएकी प्राण घेत नाही. फॅल्सिपेरम या जातीचा जंतू मात्र निराळा. तो कधी कधी मेंदूवर घाला घालतो, आणि सकाळी अंगणात खेळणारे मूल दुसऱ्या रात्री हाकेला ओ देत नाही. एकट्या २०२३ सालात जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे हिवतापाने मेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली होती, आणि आफ्रिकेतही पाच वर्षांखालची मुलेच अधिक.

या मेंदूच्या हिवतापाची पहिली खूण माणसाला दिसली ती रंगाची. लान्सिसी नावाचा पोपचा वैद्य रोम शहरात राहत असे. रोमभोवतीच्या दलदलीत दरवर्षी शेकडो माणसे तापाने मरत. १७१७ साली लान्सिसीने दलदलीच्या दूषित हवेवर ग्रंथ लिहिला. या तापाने मेलेल्यांचा मेंदू आणि पाणथरी काळवंडलेली असते, हे त्याने पाहिले होते. निरोगी मेंदूचा वरचा थर करडा-गुलाबी असतो, तो इथे पाटीच्या दगडासारखा दिसतो. हा काळेपणा कशाचा? मेकेल नावाच्या जर्मन वैद्याला १८४७ साली एका वेड्या रुग्णाच्या रक्तात आणि पाणथरीत काळसर कण सापडले. पुढे या कणांचाच माग काढीत लाव्हरां हा फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्जेरियातल्या कॉन्स्टंटाइन गावी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका शिपायाच्या रक्तात हे काळे कण पोटात घेऊन वळवळणारा एक सजीव त्याला दिसला. तोच हिवतापाचा जंतू. हा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून तिच्यातले रक्तद्रव्य खातो. पण त्यातला लोहयुक्त रंग, ज्याला हीम म्हणतात, तो त्याला पचत नाही. तो त्याची काजळी करून बाजूला साठवतो. लान्सिसीने पाहिलेला काळेपणा म्हणजे ही काजळी. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, कारण तीनशे वर्षांनी ती पुन्हा कथेत येणार आहे.

इथे आपल्या मुंबईचाही थोडा संबंध येतो. लाव्हरांच्या शोधावर युरोपातल्या पुष्कळ विद्वानांचा विश्वास बसत नव्हता. त्या काळात, १८८७-८८ च्या सुमारास, मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी इथल्या रुग्णांच्या रक्तात हे जंतू पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात हे काम प्रथम करणाऱ्यांत त्यांची गणना होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हे गृहस्थ म्हणजे जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर असलेल्या 'ग्रेज ॲनाटमी'चे मूळ चित्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची रेखीव चित्रे काढणारा हात आणि हिवतापाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरणारा हात एकच होता, याचे मला विद्यार्थिदशेपासून कौतुक वाटत आले आहे.

पण मेंदूत घडते काय, याचे उत्तर पुन्हा रोमनेच दिले. तिथल्या सांतो स्पिरितो या जुन्या रुग्णालयात मार्कियाफावा, चेल्ली आणि बिन्यामी या डॉक्टरांनी हिवतापाने मेलेल्यांच्या मेंदूच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या जंतूंनी भरलेल्या तांबड्या पेशींनी ठासून भरल्या होत्या. १८९० नंतरच्या त्यांच्या ग्रंथांतून निष्कर्ष निघाला तो सरळ होता : नळ तुंबले, रक्त पोचेना, मेंदू बंद पडला. ज्या शहरात दोन हजार वर्षांपूर्वीचे पाण्याचे पाट अजून उभे आहेत, तिथल्या वैद्यांना तुंबलेल्या नळाची उपमा सुचावी यात नवल नाही.

माझ्या गुरूंनी मला दाखवलेली काचपट्टी अशीच होती. फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या बारीक रेघा, जणू कोणी खसखस ओळीने मांडून ठेवली आहे. "पाहा, कशा तुंबल्यात!" ते म्हणाले. मीही पुढे कित्येक वर्षे माझ्या विद्यार्थ्यांना तेच म्हणत आलो. एका माणसाच्या मेंदूतल्या या केशवाहिन्या सलग जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल, असा अंदाज आहे. म्हणजे मुंबईहून पणजीपर्यंतचा रस्ता. एवढ्या लांबीच्या नळातून वाहणाऱ्या रक्ताकडे आम्ही सगळे पाहत होतो. नळाच्या भिंतीकडे कोणी पाहत नव्हते.

तुंबलेल्या नळाच्या सिद्धान्तात एक अडचण पहिल्यापासून होती आणि ती खेड्यातल्या डॉक्टरलाही दिसत असे. मेंदूचा रक्तपुरवठा खरोखर बंद पडला, तर काही मिनिटांत तो भाग कायमचा मरतो. अर्धांगवायूच्या रोग्याकडे पाहिले की ते कळते. पण मेंदूच्या हिवतापातून जी मुले वाचतात, त्यांतली बरीचशी दोन-तीन दिवस निश्चेष्ट पडून राहतात, मग डोळे उघडून पाणी मागतात आणि आठवड्याने घरी चालत जातात. काहींना पुढे फेफरे येते, काहींचे शिकण्यात मागे पडणे वर्षानुवर्षे टिकते, हे खरे. तरी इतक्यांनी धडधाकट उठावे, हे तुंबलेल्या नळाच्या हिशेबात बसत नाही.

ही शंका मोठ्याने बोलून दाखवणारा माणूस ब्रायन मेग्रेथ. जन्माने ऑस्ट्रेलियन, पण कर्मभूमी लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा. १९४८ साली त्याने हिवतापात शरीरात काय बिघडते यावर एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढेही तो एकच गोष्ट सांगत राहिला : या रोगात रक्तवाहिन्यांची भिंत पाझरू लागते, जसे काही शरीराच्या दाहात घडते तसे. बोट भाजले की ते लाल होते, सुजते, ठणकते. तिथे वाहिन्या सैल होतात आणि रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. मेंदूतही असेच काही होत असेल तर? कल्पना चांगली होती. पण ती अजून कल्पनाच होती, आणि तिच्यावरून एक घाईचा उपाय निघाला. दाह आहे ना? मग दाह शमवणारे स्टेरॉइड द्या. जगभर डॉक्टर ते देऊ लागले. मीही दिले आहे. अखेर डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये बेशुद्ध अशा शंभर रुग्णांवर पद्धतशीर परीक्षा घेतली. तिचा निकाल १९८२ साली छापून आला. स्टेरॉइडने मृत्यू कमी झाले नाहीत. वाचलेल्यांची बेशुद्धी उलट सरासरी ४७ तासांवरून ६३ तासांवर गेली, आणि न्यूमोनिया, पोटातला रक्तस्राव असली विघ्ने दुपटीहून अधिक झाली. तो लेख वाचल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

आता भिंतीची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चपट्या पेशींचा एकेरी थर असतो, फरसबंदीसारखा. त्याला एंडोथेलियम हे नाव विल्हेल्म हिस याने १८६५ साली दिले. आपण त्याला अंतःस्तर म्हणू. नाव मिळाले, पण मान मिळाला नाही. वाहिनीला आतून गुंडाळलेला सेलोफेनचा कागद, एवढीच त्याची किंमत होती. पेनिसिलिनवाले फ्लोरी यांनी १९६६ सालच्या एका व्याख्यानात हा जुना समज बोलून दाखवला होता. मेंदूपुरती मात्र एक विचित्र गोष्ट जर्मन संशोधकांच्या ध्यानात आली होती. पॉल एर्लिखने १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा सारे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्याचा शिष्य गोल्डमन याने १९१३ साली रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मध्ये कुठेतरी वेस होती. ती वेस म्हणजे केशवाहिनीच्या अंतःस्तरातल्या पेशींचे एकमेकींना घट्ट शिवलेले काठ, हे रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी १९६७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले. मग १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक जाफी आणि मंडळींनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतल्या शिरेपासून या पेशी काढून बशीत वाढवल्या. एरवी उकिरड्यात जाणाऱ्या नाळेने वैद्यकाचे एक दालन उघडले.

आता जंतू आणि भिंत यांना समोरासमोर आणता येऊ लागले. फॅल्सिपेरम शिरलेल्या तांबड्या पेशीवर बारीक उंचवटे येतात, हे १९६६ साली दिसून आलेच होते. १९८१ साली नाळेतल्या पेशींच्या बशीत जंतुग्रस्त रक्त ओतले, तेव्हा त्या पेशी भिंतीला जाऊन चिकटल्या. याचा अर्थ मेंदूतले नळ नुसते गाळाने भरत नव्हते, जंतू भिंतीला हुक अडकवून बसत होता. असे करण्यात त्याचा स्वार्थ आहे. रक्ताबरोबर फिरत राहिला तर पाणथरीच्या गाळणीत सापडतो, भिंतीला धरून बसला तर वाचतो. म्हणूनच बोटातल्या रक्तात फक्त त्याची कोवळी रूपे दिसतात, पोक्त जंतू आत दडलेले असतात. बोटाच्या रक्तावर विसंबून मी त्या मुलीविषयी निश्चिंत झालो होतो.

हुक अडकवायला भिंतीवर कडी हवी. त्यांतली एक १९८९ साली सापडली, तिचे नाव आयकॅम-१. ही कडी भिंतीने मुळात पांढऱ्या पेशींसाठी ठेवलेली असते, म्हणजे दाहाच्या जागी रक्तातले शिपाई तिला धरून थांबावेत. आणि इथे चक्र सुरू होते. जंतूंमुळे रक्तात टीएनएफ नावाचे दाहद्रव्य वाढते. त्याचा हिवतापाशी संबंध ऑस्ट्रेलियातले इयन क्लार्क आधीपासून सांगत होते, आणि १९८७ साली जॉर्ज ग्राऊ यांनी तो उंदरांत दाखवला. टीएनएफचा स्पर्श झाला की भिंत अधिक कड्या बाहेर काढते. कड्या वाढल्या की अधिक जंतू चिकटतात, आणि ते चिकटले की दाह आणखी भडकतो. १९९४ साली आग्नेय आशियातल्या मृतांच्या मेंदूत भिंतीवर या कड्या खरोखर उगवलेल्या दिसल्या. भिंत मुकी नव्हती, तीही या भांडणात पडली होती.

मग टीएनएफच बांधून टाकावे, असे कोणालाही वाटेल. गांबियात ६१० मुलांवर तशा औषधाची परीक्षा झाली. १९९६ सालचा निकाल : मृत्यू जवळजवळ तेवढेच, पण वाचलेल्यांत मेंदूची इजा उलट जास्त. दाहाची एक तार तोडून आग विझत नाही, आणि काही दाह शरीराला हवाही असतो, हे दुसऱ्यांदा कळले. पहिल्यांदा कळले होते थायलंडमध्ये.

यानंतरचे सर्वांत सोशिक काम मला वाटते मलावी देशातल्या ब्लँटायर गावी झाले. टेरी टेलर ही अमेरिकन डॉक्टर १९८० च्या दशकापासून दरवर्षी पावसाळ्याचे महिने तिथल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात काढीत आली. दगावलेल्या मुलांच्या आईबापांची अनुमती घेऊन शवविच्छेदने केली. ज्या दुःखात माणूस बोलूही शकत नाही, त्या वेळी कोणी तरी परवानगी मागावी आणि कोणी तरी ती द्यावी, हे दोन्ही मला सारखेच अवघड वाटते. २००४ साली निष्कर्ष आला : मेंदूचा हिवताप म्हणून मेलेल्या ३१ मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा दुसऱ्याच कारणाने मेला होता. मग खरा रोग ओळखायचा कसा? डोळ्याच्या पडद्यात. तिथल्या बारीक वाहिन्या मेंदूच्या वाहिन्यांच्या सख्ख्या बहिणी. बाहुलीतून प्रकाश टाकला की त्यांच्यावरचे पांढुरके डाग जिवंतपणीच दिसतात.

पुढे ब्लँटायरला मेंदूची चित्रे काढणारे मोठे चुंबकीय यंत्र आले. १६८ मुलांची चित्रे काढली, तो लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला. दगावलेल्या २५ मुलांपैकी २१ जणांचा मेंदू दाखल होतानाच फार सुजलेला होता, वाचलेल्या १४३ पैकी फक्त ३९ जणांचा. कवटी ताणत नाही. सुजलेला मेंदू खाली दाबला जातो आणि श्वासाचे केंद्र चेंगरते. आधी श्वास थांबतो. वाचणाऱ्या मुलांत ही सूज ओसरत जाते, आणि म्हणूनच ती उठून पाणी मागू शकतात. सुजेतला किती वाटा पाझरलेल्या द्रवाचा आणि किती अडून राहिलेल्या रक्ताचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण तो लेख हातात धरून मी त्या रात्रीची नाडी आठवीत बसलो होतो.

त्याआधीच, २०१३ साली, आणखी एक कडी सापडली. तिचे नाव ईपीसीआर. ही साधी कडी नाही, भिंतीच्या शांततेचा खुंटा आहे. तिच्या मदतीने भिंत रक्त गोठू देत नाही, दाह आवरते आणि आपले शिवलेले काठ घट्ट ठेवते. गंभीर हिवतापातला जंतू नेमका याच खुंट्यावर येऊन बसतो. दरवाजा फोडण्याऐवजी चोराने पहारेकऱ्याचे तोंड बांधावे, तसे हे. ब्लँटायरच्या मृत मुलांच्या मेंदूत, जिथे जंतू चिकटले होते तिथे, हा खुंटा नाहीसा झालेला आढळला.

आणि आता ती काजळी. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या ओएइराश इथल्या गुल्बेंकियन संस्थेत उंदरांच्या हिवतापावर काम चालत असे. तो जंतू बर्गेई, १९४८ साली कांगोतल्या कटांगा प्रांतात रानउंदरांत सापडलेला. तिथल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले की जंतुग्रस्त पेशींतून सूक्ष्म कण सुटतात, त्यांत जंतूने न पचवलेल्या हीमचे उष्टे असते, आणि ते मेंदूच्या अंतःस्तरातल्या पेशी गिळतात. त्या पेशींच्या आत स्टिंग नावाची एक घंटा असते. हीम तिच्यापर्यंत पोचले की ती वाजते, पेशी इंटरफेरॉन बनवतात, आणि मागोमाग पांढऱ्या पेशींना हाक मारणारे दुसरे द्रव्य सोडतात. त्या धावून येतात, वेस फुटते. ज्या उंदरांच्या केवळ भिंतीतल्या पेशींतून ही घंटा काढून टाकली होती, ते या मरणातून लक्षणीय प्रमाणात वाचले. म्हणजे या आगीची हाकाटी निदान उंदरांत तरी भिंत स्वतः करते. लान्सिसीला मेंदूवर जो काळा रंग दिसला, तो ज्या द्रव्याचा होता तेच तिला चेतवते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ही आठवण ठेवली पाहिजे. उंदराच्या मेंदूत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, माणसाच्या मेंदूत जंतुग्रस्त तांबड्या पेशींची. या फरकावरून दोन पक्षांनी वर्षानुवर्षे एकमेकांची उणीदुणी काढली. २०२० साली मलावीतल्या मुलांच्या मेंदूच्या वाहिन्यांतही मारक पांढऱ्या पेशी भिंतीला लागून सापडल्या, तेव्हा वादाची धार थोडी बोथट झाली. तरी भिंतीला शांत करणारे औषध अजून रुग्णाच्या उशाशी आलेले नाही. आले आहे ते जंतूला झपाट्याने मारणारे. चिनी वनस्पतीपासून निघालेल्या आर्टेसुनेटने आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांत गंभीर हिवतापाचे मृत्यू कोयनेलच्या १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आणले, हे २०१० साली सिद्ध झाले. ते वेळेवर दिले तर भिंतीला चिकटायच्या आधीच कोवळे जंतू मरतात. चिकटून भिंत भडकल्यावर मात्र आजही डॉक्टर साखर सांभाळतो, झटके आवरतो, श्वासाकडे पाहतो आणि वाट पाहतो.

गेल्या महिन्यात घर आवरताना काचपट्ट्यांची जुनी लाकडी पेटी निघाली. सूक्ष्मदर्शक पुसून घेतला आणि गुरूंनी दाखवलेली ती चकती खाली सरकवली. खसखशीच्या ओळी होत्या तिथेच होत्या. या खेपेला मी त्यांच्या कडेला पाहिले. रेघेच्या दोन्ही बाजूंना लांबट, निळसर, फुगलेली पेशीकेंद्रे होती, काही ठिकाणी वाहिनीत डोकावल्यासारखी पुढे आलेली. ती तिथे पहिल्यापासून होती. मी कधी मोजली नव्हती.